दिलासा मिळत होता, आजार वाढत होता: कोल्हापुरातलं एक प्रकरण

करवीर तालुक्याच्या पश्चिमेकडचं एक गाव. या प्रकरणातले रुग्ण तिथल्या दूध संस्थेचे सचिव आहेत. वय ४२, शिक्षण बी.कॉम., घरी आई, पत्नी, दोन मुलं, तीन म्हशी आणि थोडा ऊस. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे ‘सचिव’च म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी स्वतः उपचार करत नाही. मनोसामाजिक कार्यकर्ती म्हणून माझं काम माणसाला योग्य दारापर्यंत नेण्याचं आणि तिथून तो अर्ध्यावर परत फिरणार नाही हे बघण्याचं.

सचिव माझ्याकडे आले तेव्हा उपचारांच्या शोधात त्यांची तीन वर्षं गेली होती. त्या काळात त्यांना भेटलेलं कुणीही वाईट नव्हतं. बहुतेकांनी मनापासून मदत केली. तरीही त्रास दुप्पट झाला. हे कसं घडलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण थेरपिस्ट निवडताना आपण ‘माणूस चांगला आहे का’ एवढंच विचारतो. त्याआधीचे दोन प्रश्न, आजार नेमका कोणता आणि त्यावर कोणती पद्धत लागू पडते, राहूनच जातात.

त्रास काय होता

संकलन सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ. दूध मोजायचं, नमुना यंत्राला लावायचा, पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर छापून येतो, दहा दिवसांनी बिल निघतं. यंत्र संगणकाला जोडलेलं असल्यामुळे हाताने लिहायचं फारसं काही उरलेलं नाही. तरी सचिव प्रत्येक आकडा वहीत उतरवून घेत, मग वही संगणकाशी ताडून पाहत. ६.५ च्या जागी ५.६ तर पडलं नसेल? एका म्हशीवर घर चालवणाऱ्या म्हातारीचे पैसे आपल्या हातून बुडाले तर? ताडून झालं की पुढची शंका तयार असे: ताडताना आपलं लक्ष होतं का? मग पुन्हा पहिल्यापासून. संकलन आठला संपायचं आणि सचिव घरी साडेदहाला पोहोचायचे.

त्यानंतर कुलूप. लावायचं, तीनदा ओढून पाहायचं, चार पावलं जायचं, परत यायचं. घरी जेवायला बसल्यावर पुन्हा मोटारसायकल काढायची. फोटो काढून ठेवले तर परत जावं लागणार नाही, म्हणून मोबाईलमध्ये कुलपाचे फोटो साठायला लागले. पण फोटो आजचाच आहे का, ही शंका फोटोवरही आली. अंथरुणावर पडल्यावर वहिनींना एकच प्रश्न: “कुलूप लागलंय न्हवं?” आणि वहिनींचं एकच उत्तर: “अहो, लागलंय. झोपा की आता.” पुढे पुढे वहिनी स्वतःच टॉर्च घेऊन संस्थेपर्यंत जाऊन यायला लागल्या, मोठा मुलगा दप्तर ठेवायच्या आधी वडिलांच्या वहीची बेरीज तपासायला लागला. घर माणसाभोवती फिरत होतं आणि सगळ्यांना वाटत होतं की आपण त्यांचा भार हलका करतोय.

गावाला यात आजार दिसलाच नाही. वार्षिक सभेत अध्यक्षांनी सचिवांचं कौतुक केलं की असा काटेकोर माणूस शोधून सापडणार नाही. शेजारच्या एखाद्या संस्थेत अफरातफरीची चर्चा असताना जो माणूस रुपयाचा हिशेब चारदा तपासतो, त्याला आजारी कोण म्हणेल? ज्या गुणाची लोक तारीफ करतात त्याच गुणाच्या आड हा आजार लपतो. धार्मिक घरात तो सोवळ्याआड लपतो, स्वच्छ बाईच्या बाबतीत स्वच्छतेआड. शंका फक्त वहिनींना होती, कारण दिवाळीचा दूध दर फरक (उत्पादकांना दुधाच्या दरावर वरून मिळणारी रक्कम) काढायच्या दिवसांत सचिव चार-चार रात्री झोपत नव्हते आणि वजन उतरत चाललं होतं.

पहिली दारं

गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, थायरॉईड तपासलं आणि झोपेची गोळी दिली. झोप आली, शंका तशीच राहिली. मग आपल्याकडे कुठल्याही अवघड दुखण्यावर निघतो तो उपाय निघाला: मिरजेला दाखवूया. डोक्याचा स्कॅन झाला, तो नॉर्मल आला, पैसे गेले. आईंनी माघात जोतिबाचे खेटे घातले. त्याबद्दल मी कधी वाकडं बोलले नाही. त्या माउलीला तेवढं एकच करता येण्यासारखं होतं आणि चालताना सचिवांनाही हलकं वाटलं असं ते सांगतात.

मग एका नातेवाइकाने शहरातल्या एका समुपदेशकाचं नाव दिलं. इथे थोडं थांबते, कारण प्रकरणाची गाठ इथेच आहे.

हे गृहस्थ मानसशास्त्रात एम.ए. झालेले, पुढे समुपदेशनाची एक वर्षाची पदविका केलेली. बोलणं शांत, ऐकणं त्याहून शांत. सचिवांना पहिल्यांदाच कुणीतरी तासभर न तोडता ऐकलं. “तुम्ही वीस वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे केला नाहीत, तुमच्याकडून चूक होणारच नाही,” असं ते प्रत्येक बैठकीत सांगत. सचिवांना बरं वाटे. ते बरं वाटणं पहिल्यांदा आठवडाभर टिकलं, मग तीन दिवस, मग बसमधून रंकाळा स्टँड सोडेपर्यंत. समुपदेशकांनी मोठ्या मनाने सांगितलं होतं की कधीही फोन करा. सचिव रात्री अकराला फोन करू लागले. कुलूप ओढून पाहायचं काम आता फोनवर चालू झालं होतं, इतकाच फरक.

पुढे त्यांनी विचार तपासायचा तक्ता दिला: शंका लिहा, तिच्या बाजूचा पुरावा लिहा, विरुद्ध बाजूचा पुरावा लिहा. निराश माणसाला हा तक्ता खरोखर उपयोगी पडतो. ‘माझं सगळं वाटोळं झालं’ या वाक्याला पुरावा मागितला की वाक्याचा जोर कमी होतो. सचिवांनी काय केलं? ते पुरावा गोळा करायला संस्थेत परत गेले. तपासण्यासाठी आता त्यांच्याकडे थेरपीचं कारणही आलं. तक्त्याच्या दोन वह्या भरल्या.

हे असं सात महिने चाललं.

दिलासा इथे का चालत नाही

सचिवांना ओसीडी होता, ज्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. मनात नको असलेला विचार किंवा शंका घुसते, जीव घाबरा होतो, तो घाबरेपणा घालवायला माणूस काहीतरी कृती करतो, क्षणभर सुटका होते. त्या सुटकेमुळेच मेंदू शिकतो की धोका खरा होता आणि तपासल्यामुळे टळला. पुढची शंका आणखी जोराने येते. हात धुणं, कुलूप ओढणं, मनात जप करणं आणि दुसऱ्याला ‘झालंय ना?’ विचारणं ही सगळी एकाच जातीची कृती. म्हणून ‘हो, झालंय’ हे प्रेमाचं उत्तर आजाराला खाऊ घालतं. वहिनी रोज घालत होत्या, समुपदेशक पैसे घेऊन घालत होते, आणि दोघांचाही हेतू निर्मळ होता.

जगभरच्या पाहण्यांत आयुष्यात कधीतरी हा आजार होणाऱ्यांचं प्रमाण साधारण शंभरात एक ते तीन असं आढळतं. म्हणजे कोल्हापूरसारख्या शहरात तो दुर्मीळ असण्याचं कारण नाही. दुर्मीळ आहे ते त्याचं नाव वेळेवर कळणं.

यावरची पद्धत नवी नाही. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने अशा दोन रुग्णांना, ज्याची भीती वाटते त्याच्या समोर नेलं आणि नंतरची नेहमीची कृती करू दिली नाही. त्यातूनच पुढे ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’, थोडक्यात ईआरपी, ही पद्धत घडली. भीतीला सामोरं जायचं आणि तपासायचं नाही. ओसीडीसाठी सर्वांत भक्कम पुरावा असलेली बोलण्याची-करण्याची थेरपी हीच. औषधांपैकी फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामीन ही एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं वापरतात. नैराश्यापेक्षा डोस बरेचदा जास्त लागतो आणि नीट परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात.

समुपदेशनाच्या इतर पद्धती कमी प्रतीच्या आहेत असं यातून कुणी समजू नये. कार्ल रॉजर्स यांनी घडवलेली व्यक्तिकेंद्री पद्धत, जिच्यात समुपदेशक सल्ला न देता आस्थेने ऐकतो, ती जवळचं माणूस गेलेल्याला किंवा आयुष्याचा मोठा निर्णय घेताना अडलेल्याला फार मोलाची. ॲरन बेक यांची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी पद्धत, नैराश्यात आणि चिंतेत कामाला येते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी माणसाच्या ओळखीची केली; राग, अपराधीपणा, ‘लोक काय म्हणतील’ची धास्ती यांवर तिचा उपयोग झालेली माणसं मला माहीत आहेत. मार्शा लिनेहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) भावनांचा उद्रेक आणि स्वतःला इजा करण्याची ओढ असलेल्यांसाठी उभी राहिली. फ्रान्सिन शपिरो यांची ईएमडीआर, जिच्यात आघात आठवताना डोळ्यांच्या हालचाली करून घेतात, ती आघातानंतरच्या त्रासासाठी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर जून आला की ज्यांची छाती धडधडते, त्यांच्यापैकी काहींना आघातावरच्या अशाच उपचारांची गरज असते. नवरा-बायकोच्या तक्रारीत दोघांना समोरासमोर बसवणारी थेरपी वेगळी, आणि मुलाच्या वागण्यामागे घराचं वागणं शोधणारी कुटुंब थेरपी वेगळी. बालपणापासूनच्या नात्यांचे धागे उलगडणारी मनोगतिक पद्धत महिनोन्‌महिने चालते. आपण सगळीकडे त्याच त्या नात्यात का अडकतो हे ज्याला कळून घ्यायचंय त्याने तिच्यासाठी वेळ काढावा.

सचिवांच्या समुपदेशकांना यातल्या दोन पद्धती येत होत्या आणि त्या त्यांनी प्रामाणिकपणे वापरल्या. दोन महिन्यांत फरक पडत नाही हे दिसल्यावर ‘मला वाटतं, तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी दाखवावं’ हे वाक्य मात्र त्यांच्याकडून आलं नाही. माझ्या मते थेरपिस्टची पात्रता त्या एका वाक्यावरून सर्वांत चांगली कळते.

ते वाक्य आलं एका अनपेक्षित ठिकाणाहून. इचलकरंजीत औषध दुकानात काम करणाऱ्या भाच्याने मोबाईलवरच्या एका ॲपवर मामांना परराज्यातली थेरपिस्ट गाठून दिली. बोलणं हिंदीतून. सचिवांना हिंदीत फॅट आणि एसएनएफ सांगता येत होतं, मनातली भीती सांगता येत नव्हती. दुसऱ्याच बैठकीत ती मुलगी म्हणाली की हा ओसीडी वाटतो, यात माझं प्रशिक्षण नाही, आधी मनोविकारतज्ज्ञांकडून निदान करून घ्या. तिने तिसऱ्या बैठकीचे पैसे घेतले नाहीत.

मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं ठरल्यावर घरात रडारड झाली. आई म्हणाल्या, “आता रत्नागिरीला न्हेणार काय माझ्या लेकराला?” राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीला, त्यामुळे आपल्या भागात त्या गावाचं नाव घेतलं की माणसाच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात झालं ते इतकंच: वीस मिनिटांत निदान, एक गोळी, महिन्याने या. त्या वीस मिनिटांत पहिल्या आठवड्यात मळमळ होईल, बेचैनी वाढल्यासारखी वाटेल, फरक उशिरा दिसेल हे कुणी समजावून सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर गर्दीत सचिवांच्या कानात शिरलं नाही. बाराव्या दिवशी त्यांनी गोळी बंद केली. ‘औषधाने उलट वाढलं’ असा घरात निष्कर्ष निघाला.

निवड

या टप्प्यावर वहिनी माझ्याकडे आल्या. एकट्याच, बाजाराच्या पिशवीत सगळी कागदपत्रं घालून.

आम्ही सगळ्यात आधी डॉक्टरांकडे परत गेलो. निदान बरोबर होतं, औषधही योग्य होतं. कमी होता तो संवाद. मी वहिनींना चार प्रश्न लिहून दिले होते: परिणाम कधी दिसेल, सुरुवातीला काय त्रास होईल, डोस कधी वाढवणार, आणि बंद करायचं ठरलं तर कसं करायचं. डॉक्टरांनी सगळ्याची उत्तरं दिली. विचारलं असतं तर पहिल्या दिवशीही दिली असती असं मला वाटतं, पण आजारी माणसाने विचारायला हवं ही अपेक्षा जरा जास्तच आहे. गोळी पुन्हा सुरू झाली आणि थेरपीसाठी माणूस शोधायचं ठरलं.

आता दारावरच्या पाट्यांबद्दल. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेला डॉक्टर, निदान आणि औषध ही त्याची कामं, काहीजण थेरपीही करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे मानसशास्त्रात पुढे रुग्णालयातलं प्रशिक्षण घेतलेला, बहुधा दोन वर्षांचं एम.फिल. केलेला आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेला माणूस. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली, आणि नोंदणी क्रमांक विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. नुसतं एम.ए. मानसशास्त्र म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नव्हे. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र एम.ए. आणि वर काटेकोर प्रशिक्षण इथपासून पंधरा दिवसांच्या शिबिरापर्यंत काहीही असू शकतं. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि वर्तन-आरोग्याचे व्यवसाय त्यात घेतले गेले. तरी आजही पाटी वाचून पोटातली विद्या कळत नाही, ती विचारूनच घ्यावी लागते.

मी तीन नावं काढली आणि फोन वहिनींना करायला लावला. फोनवर एकच मुख्य प्रश्न होता: “ओसीडीच्या पेशंटबरोबर तुम्ही नक्की काय करता?”

पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं की आम्ही मन शांत करायला शिकवतो, श्वसन, ध्यान, सकारात्मक विचार. दुसऱ्या ठिकाणी सुप्त मनातून विचार कायमचा काढून टाकतो, सहा बैठकांचं पॅकेज, आज नाव नोंदवलं तर सवलत. वहिनींना हे फार आवडलं होतं, कारण कुणीतरी ‘कायमचा’ म्हणालं होतं. हमी देणाऱ्या माणसापासून लांब राहा हे मी त्यांना जरा कडक शब्दांत सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी बाई म्हणाल्या, “विचार येणं मी थांबवू शकत नाही. विचार आला तरी न तपासता राहायला शिकवते. आधी त्रास वाढेल. ईआरपी म्हणतात याला. साधारण १५ ते २० बैठका लागतील, घरच्यांनाही यावं लागेल, आणि तुमच्या डॉक्टरांशी मी बोलेन, चालेल ना?”

हे तिसरं उत्तर ऐकायला सगळ्यात कमी गोड होतं. पद्धतीचं नाव होतं, अवधी होता, त्रास वाढेल याची कबुली होती, घरच्यांना जागा होती, डॉक्टरांशी बोलायची तयारी होती. पुनर्वसन परिषदेचा क्रमांक विचारल्यावर त्यांनी न रागावता, आनंदाने सांगितला.

पैशाचं गणितही बसवावं लागलं. दर आठवड्याला खासगी बैठक परवडत नव्हती. औषध आणि तपासणी कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपरवर हलवली, त्यामुळे वाचलेला पैसा थेरपीकडे वळला. पहिल्या दोन महिन्यांनंतर बैठका पंधरा दिवसांनी केल्या. रात्री फार घाबरल्यावर बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिला. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. पण ‘कुलूप लागलंय का’ हे विचारायला तिथे फोन करायचा नाही, हे बाईंनी आधीच ठरवून घेतलं.

त्या खोलीत काय झालं

पहिल्या बैठकीत बाईंनी येल-ब्राउन मापनश्रेणीवर त्रास मोजला. ४० पैकी २७, म्हणजे तीव्र. मग त्यांनी असा एक प्रश्न विचारला जो तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता: “असा एखादा विचार आहे का, जो सांगितला तर लोक तुम्हाला वाईट समजतील अशी भीती वाटते?”

सचिव बराच वेळ गप्प राहिले. बाईंनी सांगितलं की भलतेसलते विचार जवळपास सगळ्यांच्याच मनात येतात. १९७८ मध्ये रॅकमन आणि डिसिल्व्हा यांनी निरोगी माणसांना विचारून हे दाखवलं होतं. बाळाला उचलल्यावर ‘खाली टाकलं तर’ असं मनात येणं, गच्चीच्या कठड्याशी ‘उडी मारली तर’ असं येणं. निरोगी माणूस तो विचार झटकतो, ओसीडी झालेला माणूस त्याच्यावर खटला चालवतो.

तेव्हा सचिव बोलले. संस्थेच्या कपाटात जुन्या गर्बर पद्धतीने फॅट काढायची सल्फ्युरिक ॲसिडची बाटली होती. आपण भान हरपून ते ॲसिड कॅनमध्ये ओतलं असेल, टँकर गेला असेल, शहरातली लहान मुलं ते दूध प्याली असतील. खरी भीती ही होती. वही, फॅट, कुलूप ही तिची बाहेरची रूपं. कुलूप यासाठी की आत ते कपाट होतं. समुपदेशकांना हे सांगितलं तर ते पोलिसांना कळवतील असं सचिवांना वाटलं होतं. वहिनींनाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

थेरपीतली कामं सोप्यापासून अवघडाकडे मांडली गेली. वहीत आकडे न उतरवता एक संकलन, मग सगळी. कुलूप एकदाच लावायचं, हात लावायचा नाही, चालू पडायचं. पोटात कालवाकालव होईल, होऊ द्यायची. मोबाईलमधले फोटो पुसायचे, तेही एकदम नव्हे. पहिल्या आठवड्यात सचिव संस्थेपासून हाकेच्या अंतरावर पिंपळाच्या पारावर पाऊण तास बसून राहिले, मागे गेले नाहीत, घामाने शर्ट भिजला. तिसऱ्या वेळी तेच वीस मिनिटांत ओसरलं. सगळ्यात वरची पायरी: ॲसिडच्या बंद बाटलीजवळ उभं राहून संकलन करायचं, आणि घरी येऊन ‘कदाचित मी ओतलंही असेल, मला कधीच शंभर टक्के कळणार नाही’ हे वाक्य लिहून, दिवसातून दोनदा मोठ्याने वाचायचं. वहिनींना हे ऐकवेना. नवऱ्याला असं का बोलायला लावताय, म्हणून त्या बाईंवर चिडल्या. बाईंनी त्यांना समजावलं की शंकेला उत्तर देणं म्हणजे खरजेवर खाजवणं. आजवर तुम्ही दोघांनी मिळून खाजवलं, आता थोडे दिवस नुसतं खाजू द्यायचं.

वहिनींचं काम माझ्या मते सचिवांपेक्षाही अवघड होतं. ‘कुलूप लागलंय न्हवं?’ याला उत्तर द्यायचं नाही. चिडायचंही नाही. ठरलेलं वाक्य एकच: “हे तुमचा आजार विचारतोय, मी तुमच्याशी बोलते, त्याच्याशी नाही.” पहिल्या रात्री सचिव त्यांच्यावर ओरडले, दुसऱ्या रात्री रडले. वहिनी माझ्याशी फोनवर म्हणाल्या, “ताई, एवढं कठोर व्हायचं?” मुलाकडून वही काढून घेतली. त्याला कारण साध्या शब्दांत सांगितलं, आणि तो म्हणाला, “म्हंजे मी बेरीज तपासायचो ते चुकीचं व्हतं?” त्याला समजावायला बाईंनी एक अख्खी बैठक दिली. मला तो तास या सगळ्या उपचारातला सर्वांत मोलाचा वाटतो.

एक घसरण झाली. दिवाळीच्या आधी, दूध फरकाच्या याद्या करताना, दहा दिवस सगळं जुनं परत आलं. ती घसरण होणार हे बाईंनी भाद्रपदातच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कुणी ‘थेरपी फसली’ असं म्हटलं नाही. दोन जादा बैठका झाल्या, डॉक्टरांनी डोस वाढवला.

१८ बैठकांनंतर श्रेणीवरचा आकडा ११ आहे, म्हणजे सौम्य. सचिव सकाळी साडेआठला घरी येतात. शंका रोज येते. कधी कधी ते अजूनही कुलूप दुसऱ्यांदा ओढतात आणि तसं वहीत नोंदवून बाईंना दाखवतात. औषध निदान वर्षभर चालेल, नंतर डॉक्टर हळूहळू उतरवतील. ॲसिडची बाटली कपाटातच आहे; ती हलवायची नाही असं ठरलं आहे.

एक प्रश्न अजून मिटलेला नाही. सचिव एवढ्या वेळा शहरात का जातात, अशी संचालकांत कुजबुज आहे, आणि एकाने वहिनींना सरळ विचारलंही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. डॉक्टर किंवा थेरपिस्ट ती संस्थेला देणार नाहीत, हे सचिवांना मी कलमासकट वाचून दाखवलं. स्वतःहून सांगायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं आहे. अध्यक्षांना एकट्याला सांगावं असं वहिनींचं म्हणणं आहे, सचिवांचं मन अजून होत नाही. बाईंच्या पुढच्या बैठकीत तोच विषय ठेवला आहे.